अपंगत्वानंतर पुन्हा दुचाकीवर : वाहनाची निवड

ग्रामीण महाराष्ट्रात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. वस्तीशाळेवर जाणारा शिक्षक, तीन गावांचा कारभार पाहणारा ग्रामसेवक, पहाटे दूध संकलन केंद्र गाठणारा शेतकरी यांचा दिवस तिच्यावरच उभा असतो. एस.टी.ची गाडी गावात दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही. अशा माणसाचा पाय अपघातात गेला, मधुमेहाने पाऊल कापावे लागले, किंवा अर्धांगाच्या झटक्याने एक बाजू दुबळी झाली, तर रुग्णालयातून घरी आल्यावर काही महिन्यांतच त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो हा की, कामावर जायचे कसे ?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते. काही जण अंगवळणी पडलेली जुनीच मोटारसायकल पुन्हा बाहेर काढतात. काही जणांचे नातलग, अपंगांचे वाहन म्हणजे मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर असे गृहीत धरून तशी स्कूटर दारात आणून उभी करतात. पहिल्या उत्तरात धोका आहे. दुसऱ्यात अनेकदा पैशाचा अपव्यय आहे आणि धोकाही आहे. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे : आज त्या व्यक्तीचा कोणता अवयव काय करू शकतो, हे कोणी तपासलेले नसते. वाहनाची निवड तेथून सुरू व्हावयास हवी.

थांबण्याची वेळ

दुचाकी वेगात असताना ती स्वतःच तोल सांभाळते. चालकाच्या पायांना त्यात फारसे काम नसते. पायाची खरी कसोटी लागते ती वाहन थांबताना, गर्दीत सरपटत नेताना आणि स्टँडवर चढविताना. आज सर्रास दिसणारी गियरविरहित स्कूटर साधारणपणे १०५ ते ११० किलोग्रॅम वजनाची असते. बुलेटसारखी मोटारसायकल १९० किलोग्रॅमच्या आसपास भरते. सरळ उभे वाहन एका बोटाने धरता येते हे खरे. परंतु ते कलू लागले की त्याचा भार झपाट्याने वाढतो. कल १० अंशांवरून २० अंशांवर गेला की भार जवळजवळ दुप्पट होतो. सुदृढ माणूस अशा वेळी नकळत पाय रोवून वाहन सावरतो. कृत्रिम पाय लावलेल्या अथवा पायातील शक्ती कमी झालेल्या व्यक्तीला हे जमेल की नाही, याची परीक्षा दुकानातच घेता येते. इंजिन बंद ठेवून, दोन्ही बाजूंना मदतनीस उभे करून, वाहन थोडे थोडे कलवून पाहावे. ज्या कलापर्यंत ते सहज परत उभे करता येते, तेवढीच त्या चालकाची खरी मर्यादा. वेगवान फेरफटक्यापेक्षा या दहा मिनिटांच्या परीक्षेतून अधिक उलगडा होतो.

आसनाची उंची हीही तितकीच महत्त्वाची बाब होय. बसल्यावर बऱ्या पायाचे संपूर्ण पाऊल जमिनीला टेकले पाहिजे. केवळ चवडा टेकणे पुरेसे नाही. येथे आपल्या रस्त्यांच्या रचनेचाही विचार करावा लागतो. पाणी वाहून जावे म्हणून दुपदरी रस्ता मध्यभागी उंच व कडेला उतरता असतो, आणि आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. परिणामी, थांबताना डाव्या पायाला जमीन थोडी खोल लागते, तर उजव्याला जवळ. ज्याचा डावा पाय दुबळा आहे त्याला उजवा पाय टेकून थांबण्याची सवय करता येते, आणि रस्त्याचा उतार त्याला अनुकूलच ठरतो. उजवा पाय दुबळा असल्यास मात्र प्रत्येक थांबा खोलगट बाजूला घ्यावा लागतो. अशा चालकाने आसन आणखी ठेंगणे असलेले वाहन निवडावे हे योग्य.

डावा पाय, उजवा पाय

आजच्या मोटारसायकलींत गियर डाव्या पायाकडे व मागील ब्रेक उजव्या पायाकडे असतो. (जुन्या बुलेटमध्ये नेमके उलट होते, आणि तशा गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यामुळे जुने वाहन विकत घेताना ही गोष्ट पाहून घ्यावी.) कोणता पाय गेला यावर म्हणूनच पुष्कळ काही अवलंबून असते.

डावा पाय गुडघ्याखाली गेला असेल आणि गुडघा शाबूत असेल, तर साधी मोटारसायकल चालविणे अशक्य नसते. कृत्रिम पावलाला घोट्यातून वर उचलता येत नाही, त्यामुळे गियरच्या दांडीखाली चवडा घालून ती वर ओढणे अवघड जाते. आपल्याकडील अनेक साध्या मोटारसायकलींना मात्र पुढे चवड्यासाठी व मागे टाचेसाठी अशी दुहेरी दांडी असते. तीत दोन्ही दिशांचे बदल वरून दाबूनच होतात. ही सोय मुळात चपला घालून गाडी चालविणाऱ्यांच्या कामी आली असली, तरी कृत्रिम पायाला ती फार उपयोगी पडते. जयपूर फूटचे रबरी पाऊल आधी स्वतः थोडे दबते आणि नंतर दांडी हलते. हा किंचित विलंब अंगवळणी पडण्यास वेळ द्यावा लागतो. पावलाला संवेदना नसल्याने गियर पडला की नाही हे पायाला कळत नाही. ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखावे लागते.

पाय गुडघ्याच्या वर गेला असेल तर परिस्थिती सर्वस्वी बदलते. कृत्रिम गुडघा भार पडताच अचानक दुमडू शकतो, आणि थांबताना त्यावरच वजन आले तर वाहनासह चालक खाली येतो. अशा व्यक्तीने त्या पायावर कोणतेही काम सोपवू नये, टेकण्याचेही नाही. तिच्यासाठी गियरविरहित स्कूटर हाच बहुधा सुज्ञ पर्याय ठरतो.

उजव्या पायाच्या बाबतीत प्रश्न ब्रेकचा आहे. जोरात ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. यावरून, मागचा ब्रेक नसला तरी चालेल, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. वाळू, ओला शेणसडा किंवा पहिल्या पावसाने निसरडा झालेला डांबरी रस्ता अशा ठिकाणी एकट्या पुढच्या ब्रेकने चाक घसरते व सावरायला क्षणाचीही उसंत मिळत नाही. पाय ब्रेक लावू शकत नसेल, तर मागचा ब्रेक हाताकडे आणलाच पाहिजे. २०१९ सालच्या एप्रिलपासून १२५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक अथवा चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा, आणि त्यावरील दुचाकींना ए.बी.एस. आवश्यक करण्यात आली आहे. संयुक्त ब्रेक असलेल्या स्कूटरमध्ये डाव्या हाताचा एकच ब्रेक दोन्ही चाकांवर चालतो. ज्याच्या उजव्या हातापायात जोर कमी आहे त्याने जुनी स्कूटर स्वस्तात मिळते म्हणून घेण्याआधी या सोयीची किंमत जोखावी.

चढण्या-उतरण्याचा भाग लहान वाटतो, पण रोज अनेकदा करावा लागतो. मोटारसायकलचा साइड स्टँड डावीकडे असल्याने ती चालकाकडे कलते आणि उजवा पाय आसनावरून पलीकडे टाकावा लागतो. उजवा पाय कृत्रिम असेल तर तो एवढा उंच फिरत नाही. उजवीकडून चढावे तर वाहन पलीकडे कललेले असते. स्कूटरच्या पायफळीमुळे ही अडचण बरीचशी दूर होते.

हात दुबळा असल्यास

हाताच्या अपंगत्वाकडे पायाच्या मानाने कमी लक्ष दिले जाते. वस्तुतः दुचाकीचे नियंत्रण अधिकतर हातातच असते. डावा हात क्लच दाबतो, तर उजवा हात वेग वाढवितो आणि पुढचा ब्रेक लावतो. पूर्वी म्हैसूर येथे तयार होणाऱ्या जावा व येझदी मोटारसायकलींत गियरची दांडी दाबताच क्लच आपोआप सुटत असे, व गियर बदलताना मुठीतील क्लचची गरज भासत नसे. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आज हेच काम गियरविरहित स्कूटर अधिक सुलभतेने करते. आपल्याकडे बटण दाबून सुरू होणारी, गियर नसलेली स्कूटर १९८४ मध्ये कायनेटिक होंडाच्या रूपाने आली, आणि ज्यांना किक मारणे किंवा मुठीने गियर फिरविणे शक्य नव्हते अशांसाठी एक नवी वाट खुली झाली.

डावा हात निकामी असल्यास स्कूटरच्या डाव्या ब्रेकची दांडी उजवीकडे आणून दोन दांड्या एकाखाली एक बसविता येतात. उजवा हात निकामी असल्यास वेगाची मूठच डावीकडे न्यावी लागते. हा बदल अधिक नाजूक आहे. तार अडकून मूठ परत फिरली नाही तर वाहन थांबत नाही. तो कुशल कारागिराकडूनच करून घ्यावा, आणि एका हाताने हँडल धरून खड्ड्यातून जाता येते का, हे मोकळ्या मैदानात पडताळून पाहिल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. अर्धांगाच्या रुग्णांच्या बाबतीत हातापायांतील शक्तीइतकेच दृष्टीचे क्षेत्र, प्रतिक्रियेचा वेग आणि झटक्यानंतर उद्भवू शकणारा अपस्मार यांविषयी डॉक्टरांचा स्पष्ट अभिप्राय घ्यावा. अपस्मार असलेल्या व्यक्तीने वाहन चालवू नये, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

जादा चाकांची स्कूटर

दोन्ही पायांत शक्ती नसलेल्या व्यक्तीस मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर हे खरोखर वरदान आहे. थांबल्यावर ती पडत नाही, आणि कुबड्या जवळ ठेवून एकट्याने प्रवास करता येतो. परंतु चाके वाढली म्हणजे सुरक्षितताही त्या प्रमाणात वाढली, ही समजूत तपासून घेण्यासारखी आहे.

दुचाकी वळताना आत कलते व त्यामुळे तोल राखते. जादा चाकांची स्कूटर कलू शकत नाही. वळणावर तिचा भार बाहेरच्या बाजूला जातो आणि वेग अधिक असल्यास ती उलटते. म्हणून वळणापूर्वीच वेग उतरविणे अनिवार्य होते. त्यातही एक सूक्ष्म धोका असा की, तो नवख्या चालकापेक्षा जुन्या, सराईत चालकास अधिक जाणवतो. दुचाकीवर वेगात डावीकडे वळताना चालक नकळत डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. त्याने पुढचे चाक क्षणभर उजवीकडे फिरते, वाहन डावीकडे कलते आणि मग वळते. वर्षानुवर्षांच्या सवयीने हे हातात इतके मुरलेले असते की आपण असे करतो हे त्याला ठाऊकही नसते. तीच क्रिया न कलणाऱ्या वाहनावर केली की ते सरळ उलट दिशेला जाते. वीस वर्षे मोटारसायकल चालविलेल्या माणसालाही म्हणून जादा चाकांची स्कूटर नव्याने शिकावी लागते. तो कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा चाकांच्या जोडणीचा. स्कूटरचे मूळ मागचे चाक वाहन ओढते आणि मागचा ब्रेकही त्यावरच असतो. जादा चाके ताठ सळईवर बसविली असतील, तर रस्त्यातील खोलगट भागावरून जाताना ती दोन्ही बाजूंना टेकतात व मधले चाक अधांतरी राहते. अशा वेळी वाहन पुढे जात नाही, आणि उतारावर असेल तर मागचा ब्रेक निकामी होतो. जादा चाकांना स्वतंत्र स्प्रिंग असणे व बहुतेक भार मधल्या चाकावर राहणे, ही चांगल्या जोडणीची लक्षणे होत. तपासण्याची रीत सोपी आहे : चालक बसलेला असताना स्कूटरचे मधले चाक एका उथळ खळग्यावर आणावे आणि ते जमिनीला दाबून टेकते की जागच्या जागी फिरते, ते पाहावे. जोडणी मूळ सांगाड्याला बोल्टने घट्ट बसविलेली असावी. गल्लीतील वेल्डिंगच्या दुकानात सांगाड्यालाच डाग देऊन केलेले काम दिसायला भक्कम दिसते, पण त्या ठिकाणी सांगाडा पुढे तडकण्याचा संभव असतो.

रुंदी वाढल्यामुळे आणखी एक अडचण येते. दुचाकीस्वार खड्डा चुकवून जातो. जादा चाकांचे वाहन तीन रेषांतून चालत असल्याने एक ना एक चाक खड्ड्यात जातेच. बैलगाडीच्या चाकोरीच्या पाणंद रस्त्यावर तर ते चालविणे कष्टाचे होते. ज्याचा रोजचा मार्ग असा आहे आणि ज्याचा एक पाय भक्कम आहे, त्याला कमी वजनाची दोन चाकांची स्कूटरच अधिक सोयीची पडते. घाटातील उतारावर गियरविरहित स्कूटरला इंजिनाचा रोध मोटारसायकलपेक्षा कमी मिळतो. जादा चाकांना बहुधा ब्रेक नसतात आणि वजन मात्र वाढलेले असते. अशा मार्गासाठी वाहन निवडताना ब्रेकचा विचार प्रथम करावा.

मागे जाण्याची सोय हा विषय खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. पाय चालत नसतील तर वाहन मागे ढकलणार कोण ? पेट्रोलच्या नेहमीच्या स्कूटरला मागे जाण्याचा गियर नसतो. तो वेगळा बसवून घ्यावा लागतो. अलीकडच्या काही विजेवरील स्कूटरमध्ये बटण दाबून सावकाश मागे जाण्याची सोय आहे, आणि दिव्यांग चालकाच्या दृष्टीने ती मोलाची आहे. विजेचे वाहन मात्र उभे असताना आवाज करीत नाही. ते चालू आहे हे विसरून, हँडलचा आधार घेऊन उठताना मूठ फिरली तर ते क्षणात पुढे झेपावते. चढण्या-उतरण्यापूर्वी किल्ली अथवा बटण बंद करण्याची शिस्त बाणवावी लागते.

मणक्याच्या दुखापतीने कमरेखालची संवेदना गेलेल्यांना याखेरीज एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. तापलेल्या सायलेन्सरचा चटका त्यांना कळत नाही, गतिरोधकावर पाऊल पायफळीवरून सरकून रस्त्याला घासले तरी जाणवत नाही, आणि कडक आसनावर तासभर बसल्याने शय्याव्रणास आरंभ होऊ शकतो. पायफळीला उंच कड, पाठीला टेकू, जाड व मऊ गादी आणि घोट्यावर येणारे बूट ही त्यांच्यासाठी वाहनाचीच अंगे समजावीत.

कृत्रिम पाय बसविताना आपण दुचाकी चालविणार आहोत, हे तंत्रज्ञास आधीच सांगणे हिताचे असते. बसल्यावर गुडघा किती वाकावा, पाऊल कोणत्या कोनात असावे, हे त्यानुसार ठरविता येते. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, तर मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून या क्षेत्रात काम करीत आहे.

परवाना व नोंदणी

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात पूर्वी ‘अपंगांचे वाहन’ अशा अर्थाची संज्ञा होती. २०१९ च्या सुधारणेने तिच्या जागी ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आली. अधिनियमाच्या कलम ८ नुसार, अपंगत्वामुळे साधा परवाना नाकारला जात असला, तरी अर्जदार अनुकूलित वाहन चालविण्यास सक्षम आहे अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास तेवढ्यापुरता शिकाऊ परवाना देता येतो. म्हणजेच नकार हा शेवटचा शब्द नव्हे, ही गोष्ट अर्जदाराला आणि त्याला मार्गदर्शन करणाऱ्यांना ठाऊक असली पाहिजे.

ज्यांच्याजवळ अपंगत्वापूर्वीचा परवाना आहे, त्यांनी तो खिशात आहे म्हणून निश्चिंत राहू नये. कलम १६ अन्वये, चालक आजार वा अपंगत्वामुळे अक्षम झाला आहे असे मानण्यास वाजवी कारण असल्यास प्राधिकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मागवू शकतो व परवाना रद्दही करू शकतो. आपण होऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाणे व बदललेल्या स्थितीची नोंद करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

वाहनात केलेल्या बदलांबाबत कलम ५२ लागू होते. मालकाला आपल्या वाहनाचे अनुकूलित वाहन करून घेता येते. परंतु ते विहित अटींनुसार असावे लागते आणि त्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. ती न घेता वाहन रस्त्यावर आणले तर अपघाताच्या प्रसंगी विमा कंपनीशी वाद उद्भवतो, आणि तेव्हा भुर्दंड पडतो तो मुळातच अडचणीत असलेल्या कुटुंबावर. विमा कंपनीलाही बदलाची लेखी कल्पना द्यावी. नवे वाहन घेताना विक्रेत्याकडून नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा भरून घ्यावा. ऑक्टोबर २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने तशी तरतूद झाली आहे, आणि पुढील सवलतींचे दावे त्या नोंदीवर सुकर होतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये दिव्यांगांच्या वैयक्तिक संचारासाठी सवलती देण्याच्या व वाहनांत आवश्यक बदल करून देण्याच्या योजना आखण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग कार्यरत आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करावयाचा असतो. या निधीतून सर्वांना एकाच प्रकारची वस्तू वाटण्याचा मोह टाळणे गरजेचे आहे. एकाला जादा चाके लागतील, दुसऱ्याला केवळ ब्रेकची दांडी हलवून हवी असेल, तिसऱ्याचे काम आसन दोन बोटे खाली केल्याने भागेल. ग्रामसभेत यादी वाचण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला तिची गरज विचारावी. तिचा रोजचा रस्ता कोणता, हेही विचारावे.

सरावासाठी बहुतेक गावांत शाळेचे पटांगण उपलब्ध असते. सुट्टीच्या दिवशी, मुले नसताना, हेल्मेट घालून व सोबत एक मदतनीस ठेवून आरंभ करावा. पहिले काही दिवस केवळ निघणे व थांबणे, त्यानंतर आठच्या आकड्यातील सावकाश वळणे, मग अचानक ब्रेक. त्यानंतर पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर एक मैल, आणि शेवटी बाजाराच्या दिवसाची गर्दी. कृत्रिम पाय नवा असेल, तर ठुंठाला सूज असलेल्या दिवशी सराव टाळावा. त्या दिवशी पाय नीट बसत नाही आणि नेमक्या थांबण्याच्या क्षणी दगा देतो.